टोचणे वेगळे, चरचरणे वेगळे

मागच्या महिन्यात आमच्या लोदच्या वृद्धांच्या मोआदोनमध्ये चहाच्या वेळी एक वाद पेटला. विषय राजकारणाचा नव्हता, म्हणून अर्ध्या तासात मिटला. एक मावशी नुकत्याच दाढ काढून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुई इतकी बारीक, की मला कळलंसुद्धा नाही." लगेच पलीकडच्या टेबलावरून उत्तर आले, "काही सांगू नका. बारीक सुईच जास्त डसते. जाडी बरी, एकदाच काय ते होऊन जातं." मग ज्याने त्याने आपापला गाल ओढून आपापली दाढ दाखवायला सुरुवात केली आणि चहा थंड झाला.

आम्ही उभा जन्म मुलांना गणित आणि विज्ञान शिकवण्यात घालवला. वैद्यकी आम्हांला येत नाही. पण दोन माणसे एकाच गोष्टीबद्दल अगदी उलट बोलतात आणि दोघेही खरे बोलतात असे दिसले, की जुन्या मास्तराला झोप येत नाही. आमची नात परिचारिका आहे, तिला छळले. आमच्या स्वतःच्या दाताचे काम निघाले होते, तिथे डॉक्टरांना प्रश्न विचारले. काही वाचले. जे समजले ते इथे मांडतो आहोत.

हे नुसते कुतूहल नाही. आमच्या सौभाग्यवतींचे बंधू, म्हणजे आमचे मेहुणे, वय एकोणऐंशी. त्यांची खालची डावी दाढ किडली होती. त्यांनी चार महिने लवंगेच्या तेलावर काढले, पण दंतवैद्याकडे गेले नाहीत. कारण एकच. बाराव्या वर्षी मुंबईत दाढ काढताना हिरडीत दिलेली सुई ते अजून विसरले नव्हते. "सुई कसली, बंबाची नळी होती ती," असे ते सांगत. शेवटी गाल सुजला, तोंड दोन बोटेही उघडेना, पाणी गिळता येईना, आणि शब्बाथच्या रात्री त्यांना अँब्युलन्समधून इस्पितळात न्यावे लागले. दाढेचा पू गळ्यापर्यंत उतरत होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस थांबला असता तर श्वास कोंडला असता.

आता गंमत ऐका. इस्पितळात औषध चढवण्यासाठी त्यांच्या हाताच्या शिरेत जी सुई घातली ती अठरा नंबरची, सुमारे सव्वा मिलिमीटर जाड. ज्या दंतवैद्याच्या सुईला ते चार महिने भीत होते, तिच्यापेक्षा तिप्पट जाड! मेहुणे हूं की चूं बोलले नाहीत. बरे झाल्यावर आम्ही विचारले, "दाजी, ही नाही का दुखली?" तर म्हणाले, "टोचलं जरा. पण आग नाही झाली."

या त्यांच्या एका वाक्यात सगळे उत्तर होते. आम्हांला ते उशिरा कळले, एवढेच.

इथल्या हिब्रूत डॉक्टरांशी बोलताना आपल्यापैकी बहुतेकांजवळ एकच शब्द असतो: कोएव. टोचले तरी कोएव, ठणकले तरी कोएव, पोटात मुरडा आला तरी कोएव. पण आपली मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. काटा टोचतो, पायात खडा खुपतो, फोड ठणकतो, जखमेला मीठ लागले की चरचरते, मिरचीचा हात डोळ्याला लागला की आग होते, दाढ सलते, कंबरेत चमक मारते. आपल्या आजीने हे शब्द उगीच वेगळे ठेवले नव्हते. शरीरालाही ते वेगळेच कळतात. कातडीत दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंच्या दोन जाती आहेत. एक जात वेगवान, सेकंदाला पाच ते तीस मीटर पळणारी. ती "इथे टोचले" अशी नेमकी, तीक्ष्ण बातमी देते. दुसरी जात संथ, सेकंदाला दोन मीटरच्या आत चालणारी. तिची बातमी मागून येते, पसरट असते आणि बराच वेळ रेंगाळते. जळजळ, आग, ठणका हे मुख्यतः तिचे काम.

बधिर करण्याच्या इंजेक्शनात ही दोन्ही दुखणी एकामागून एक येतात. आधी सुई आत शिरते तेव्हा टोचते. मग औषध आत सुटते तेव्हा चरचरते आणि ताणल्यासारखे होते. सुईच्या जाडीचा संबंध पहिल्याशी आहे. दुसऱ्याशी तिचा थेट संबंध फारसा नाही. मोआदोनमधल्या मावशींना टोचणे आठवत होते आणि पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांना चरचरणे.

आधी सुईचे नंबर समजून घेऊ, कारण त्यात हटकून घोटाळा होतो. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. तीस नंबरची सुई सर्वांत जाड असणार असे समजून घाबरलेले लोक आम्ही पाहिले आहेत. हे उलटे मोजणे इंग्लंडातल्या तारा ओढणाऱ्या कारागिरांकडून आले. आपला सोनार कसा भोकांच्या पट्टीतून सोन्याची तार ओढतो, आधी मोठ्या भोकातून, मग त्याहून लहान, मग आणखी लहान? जितक्या पुढच्या भोकातून ओढाल तितकी तार बारीक आणि नंबर मोठा. सुईची नळी मोजायलाही तीच पद्धत चालू राहिली.

आकडे असे. रक्त काढण्याची हिरव्या बुडाची सुई २१ नंबरची, ०.८ मिलिमीटर जाड. निळ्या बुडाची २३, म्हणजे ०.६. नारिंगी बुडाची २५, म्हणजे अर्धा मिलिमीटर. दंतवैद्य बहुधा २५, २७ किंवा ३० नंबरच्या सुया वापरतात. २७ म्हणजे ०.४ आणि ३० म्हणजे ०.३ मिलिमीटर. आपल्यातल्या ज्या मधुमेही मंडळींना रोज इन्शुलिन घ्यावे लागते त्यांच्या पेनची सुई तर अनेकदा ३२ नंबरची आणि लांबीला फक्त चार मिलिमीटर असते. ती टोचून घेताना बायका टीव्हीवरची मालिकासुद्धा थांबवत नाहीत.

आमच्या लहानपणी हे सुख नव्हते. रेवदंड्याला डॉक्टरांच्या दवाखान्यात स्टोव्हवर एका पातेलीत काचेची पिचकारी आणि सुया उकळत असत. तो वास आणि तो खळखळाट आम्हांला अजून आठवतो. तीच सुई गावातल्या शंभर दंडांतून फिरलेली. टोक बोथट झाले की कंपाउंडर ते बारीक दगडावर घासून घेई. जत्रेच्या आधी कॉलऱ्याची सुई टोचायला शाळेत माणसे आली, की निम्मा वर्ग मागच्या दाराने पसार! आज वाटते, आम्ही सुईच्या जाडीला नावे ठेवत होतो, पण अर्धा दोष तिच्या बोथट टोकाचा होता. आता प्रत्येक सुई नवी, एकदाच वापरायची, आणि टोक तीन बाजूंनी तासलेले. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आत हाडाला टोक लागले तर नव्या सुईचेही टोक वळते आणि बाहेर येताना ते ओरबाडते. म्हणून तीन-चार ठिकाणी टोचायचे असेल तर जाणते दंतवैद्य मध्येच सुई बदलतात.

तर मग बारीक सुई कमी दुखते की नाही? कातडीवर दुखते कमी, हे खरे. जाड आणि बारीक सुया मोजून मापून टोचण्याचे प्रयोग झाले आहेत. सुई जितकी जाड तितक्या जास्त वेळा माणूस "दुखले" म्हणतो. बारीक सुई अनेकदा दोन दुखऱ्या जागांच्या मधून निसटते आणि काहीच कळत नाही. पण तोंडाच्या आत हा हिशेब तितकासा लागू पडत नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या दंतवैद्यक संघटनेच्या मासिकात एक प्रयोग छापून आला. २५, २७ आणि ३० या तिन्ही नंबरांच्या सुया तोंडात टोचून पाहिल्या, आणि कोणती जास्त दुखली यात लोकांना म्हणण्यासारखा फरक जाणवला नाही. पुढेही इतरांनी असे प्रयोग करून पाहिले आणि बहुतेकांना तेच आढळले. म्हणजे ०.३ आणि ०.५ यांतला जो फरक सुई हातात घेऊन बघताना आपल्याला एवढा मोठा वाटतो, तो हिरडीला फारसा कळत नाही. डोळ्यांना मात्र कळतो, आणि ज्याने सुई पाहिली त्याला ती जास्त दुखते. आम्ही मात्र पाहिल्याशिवाय राहत नाही. मास्तरांची खोड.

आता चरचरण्याकडे येऊ. दुखण्याचा मोठा वाटा त्याचाच आहे.

बधिर करणाऱ्या औषधांची गोष्ट आपल्याच एका माणसापासून सुरू होते. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात कार्ल कोलर नावाचा सव्वीस वर्षांचा ज्यू डॉक्टर होता. डोळ्याची शस्त्रक्रिया तेव्हा रोगी जागा असताना, तसाच धरून करीत. १८८४ साली कोलरने कोकेनचे पाणी आधी बेडकाच्या डोळ्यात घालून पाहिले, मग स्वतःच्या आणि सहकाऱ्याच्या डोळ्यात, आणि टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला. काही जाणवले नाही! सप्टेंबरात हायडेलबर्गला नेत्रवैद्यांची सभा होती, पण तिथे जाण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचून दाखवला. काही आठवड्यांत ही बातमी जगभर गेली. पुढच्याच वर्षी जानेवारीत एका सहकाऱ्याने त्याला ज्यू म्हणून शिवी दिली. कोलरने त्याच्या थोबाडीत मारली आणि त्यावरून तलवारीचे द्वंद्व झाले. ते त्याने जिंकले, पण व्हिएन्नात त्याला हवी ती जागा मिळाली नाही. शेवटी तो न्यूयॉर्कला गेला. आज तोंडात सुई घेताना ज्याचे आभार मानावेत असा हा पहिला माणूस.

कोकेनचे व्यसन लागते आणि ते विषारीही आहे, म्हणून पुढे दुसरी औषधे निघाली. आज बहुतेक ठिकाणी वापरतात ते लिडोकेन. ते १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केले आणि १९४८ पासून झायलोकेन या नावाने बाजारात आले. मुंबईच्या दवाखान्यांत आपण हेच नाव ऐकत आलो. त्यात बहुधा अॅड्रिनलीन मिसळलेले असते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते आणि बधिरपणा जास्त टिकतो. पण अॅड्रिनलीन लवकर खराब होते. ते टिकावे म्हणून सगळे मिश्रण आंबट ठेवावे लागते. किती आंबट? जवळजवळ टोमॅटोच्या रसाइतके. आपले शरीर आतून आंबट नाही, किंचित उलट्या बाजूलाच आहे. त्याच्या मानाने हे औषध सुमारे हजार पट आंबट. आता सांगा, खरचटलेल्या बोटाला टोमॅटो चिरताना काय होते? तेच हिरडीत होते. ही आग सुईची नव्हे.

यावर साधा उपाय आहे आणि तो खायच्या सोड्याचा आहे. शुद्ध केलेले, इंजेक्शनसाठीच तयार केलेले सोडा बायकार्बोनेट दहा भाग औषधात एक भाग, असे टोचण्यापूर्वी ताजे मिसळले तर आंबटपणा मोडतो आणि चरचर कमी होते. हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. औषध अंगाइतके कोमट करून घेतले तरी फरक पडतो. सगळे डॉक्टर हे करीत नाहीत, कारण मिश्रण करून ठेवून देता येत नाही, दरवेळी नवे करावे लागते. विचारायला हरकत नाही. मात्र हे ऐकून कोणी घरून सोड्याची पुडी घेऊन दवाखान्यात जाऊ नये. आमच्या मोआदोनची मंडळी पाहता हे लिहून ठेवलेले बरे.

आणि आता वेग. बंद जागेत पाणी भरताना भांडे फुगते तशी औषध शिरताना आतली मांसपेशी ताणली जाते. सावकाश शिरले तर ते पसरायला वेळ मिळतो, आणि पहिल्या थेंबांनी आसपासचा भाग बधिर झाल्यावर पुढचे थेंब जाणवत नाहीत. भसकन शिरले तर ताण आणि आग दोन्ही एकदम. दंतवैद्यांच्या पुस्तकात सांगितलेला वेग आहे मिनिटाला एक मिलिलिटर. त्यांच्या काचेच्या नळीत औषध असते सुमारे १.८ मिलिलिटर, म्हणजे पुरी नळी रिकामी करायला जवळजवळ दोन मिनिटे लागली पाहिजेत. पण बाहेर आठ रोगी बसलेले असले की तेच काम वीस-तीस सेकंदांत उरकले जाते. मग आपण घरी येऊन सांगतो, "सुई फार जाड होती."

बारीक सुईचा खरा उपयोग इथे आहे, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. पॉइझॉय नावाचा एक फ्रेंच वैद्य होता. त्याने १८४० च्या सुमारास अगदी बारीक नळ्यांतून पाणी किती वेगाने वाहते ते मोजले. नळी आतून निम्मी केली, तर तितक्याच दाबाने पाणी निम्मे येत नाही, चौथाईही नाही, फक्त सोळावा हिस्सा येते. आम्ही हे फळ्यावर मांडत असू तेव्हा मुले विश्वास ठेवीत नसत. २५ नंबरच्या सुईची आतली पोकळी साधारण ०.२६ मिलिमीटर आणि ३० नंबरची ०.१६. भागाकार करा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, आणि त्याचा पुन्हा वर्ग करा. उत्तर सातच्या आसपास येईल. म्हणजे अंगठ्याचा जोर तोच ठेवला, तर बारीक सुईतून औषध सात पट हळू जाते. घाईच्या डॉक्टरच्या अंगठ्याला बारीक सुई लगाम घालते. ज्या मावशींना कळलेसुद्धा नाही, त्यांना बहुधा त्या लगामाचा फायदा झाला असावा.

मग सगळीकडे बारीकच सुई का नको? मेहुण्यांचा नेमका हाच हट्ट होता. खालच्या दाढा बधिर करायच्या तर औषध दाढेजवळ देऊन भागत नाही. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असते, त्यातून औषध झिरपत नाही. त्यासाठी जबड्याच्या मागच्या आतल्या बाजूला, जिथे मज्जातंतू हाडात शिरतो तिथे, दोन ते अडीच सेंटिमीटर खोल जावे लागते. इतक्या खोल जाताना फार बारीक सुई आत वाकते आणि नेम चुकतो. नेम चुकला की जबडा बधिर होत नाही आणि पुन्हा टोचावे लागते. दुसरे, औषध सोडण्याआधी डॉक्टर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते का पाहतात, म्हणजे सुई रक्तवाहिनीत तर नाही ना ते कळते. जाड सुईतून हे खात्रीने दिसते. आणि तिसरे, क्वचित सुई आत मोडल्याच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या, त्यांत तीस नंबरच्या आखूड सुयाच बहुतेक वेळा होत्या. म्हणून खालच्या दाढेसाठी डॉक्टरने लांब, २५ किंवा २७ नंबरची सुई काढली तर ते त्याचे शहाणपण आहे. ती लांबी बघून खुर्चीतून उठू नये. वरच्या दाढांना आणि पुढच्या दातांना बारीक चालते.

जागेचाही मोठा फरक पडतो. गालाच्या आतली कातडी सैल असते, तिथे औषधाला पसरायला जागा आहे. टाळू मात्र हाडाला चिकटलेली. तिथे थेंबभर औषधही दुखते, मग सुई कोणतीही असो. जाणता डॉक्टर आधी तिथे कापसाच्या काडीने जोराने दाबून धरतो आणि त्या दाबाशेजारीच टोचतो. गालात टोचताना तो गाल हलवतो तेही त्यासाठीच. आपटलेले कोपर आपण चोळतो तसे ते आहे: चोळण्याची बातमी पुढे जाताना दुखण्याच्या बातमीची वाट अडवते. ही कल्पना मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडली. आपल्या आया ती आधीपासून वापरीत होत्या. टोचण्याआधी लावतात ते बधिर करणारे मलम एक-दोन मिनिटे राहू दिले तरच कामाचे, आणि तेही वरच्या पापुद्र्यापुरतेच. हातावरचा मस काढताना कातडीला लावायचे मलम असते, त्याला तर तासभर लागतो, वर पट्टी चिकटवून. नाकाचा शेंडा, बोटाचे टोक, तळपाय इथे टोचायचे असेल तर हे आधी विचारून ठेवावे.

वय झालेल्यांनी आणखी दोन गोष्टी जाणाव्यात. "मला त्या इंजेक्शनची अॅलर्जी आहे, छातीत धडधड झाली होती," असे आपल्यातले बरेच जण सांगतात. ती धडधड बहुधा अॅड्रिनलीनची किंवा भीतीची असते आणि काही मिनिटांत जाते. लिडोकेनची खरी अॅलर्जी फार दुर्मिळ आहे. पण झाले होते ते डॉक्टरला सांगावे. हृदयाचे दुखणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळे सांगावे, आणि या गोळ्या आपल्या मनाने बंद करून जाऊ नये. दुसरे, खुर्ची मागे टेकून, पाय किंचित वर घेऊन सुई घ्यावी. ताठ बसून घेणारा चक्कर येऊन पडतो.

आणि मेहुण्यांसारखे थांबू नये, असे आम्ही म्हणतो ते नुसत्या काळजीने नव्हे. पू झालेल्या, सुजलेल्या जागेची मांसपेशी स्वतःच आंबट झालेली असते. बधिर करणाऱ्या औषधाला मज्जातंतूच्या आत शिरायचे तर आंबटपणा मोडावा लागतो, आणि इथे तो मोडत नाही. म्हणून औषध नीट पकडत नाही. सुईच्या भीतीने जो चार महिने थांबतो, त्याच्या दाढेला शेवटी सुई लागतच नाही, म्हणजे टोचते आणि गुण येत नाही. बाराव्या वर्षी मुंबईत काय झाले होते, ते आम्ही मेहुण्यांना खोदून विचारले. दाढ तेव्हाही आठ दिवस सुजलेली होती. वडील रोज म्हणत, उद्या जाऊ.

आता हिब्रूचा धडा. सुई म्हणजे माखात. बारीक सुई, माखात दाका. आपली मंडळी दवाखान्यात जाऊन एवढेच म्हणतात आणि डॉक्टर हसून मान डोलावतो. पण दाका या शब्दाचा दुसरा अर्थ मिनिट. लिहिताना अक्षरेही तीच. दाका मागायचीच तर दुसऱ्या अर्थाची मागावी. "लेआत, बेवाकाशा", सावकाश, कृपा करून, एवढे म्हणता आले तरी पुरे. टोचले तर "दोकेर ली". आग झाली तर "सोरेफ ली". ताण आला तर "लोखेत्स ली". आणि थांबायला हवे असेल तर डावा हात वर करायचा, असे आधीच ठरवून घ्यावे, कारण तोंडात सुई असताना कोणतीच भाषा बोलता येत नाही.

आम्ही हे आमच्या दंतवैद्याला करून दाखवले. तरुण मुलगा आहे, आमच्या नातवाच्या वयाचा. "लेआत" म्हटल्यावर त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "सबा, तुम्ही मोजा." आम्ही मनातल्या मनात मराठीत मोजले. एकशे चार झाले. सुई सत्तावीस नंबरची होती. टोचले. चरचरले नाही म्हणण्याइतके थोडे.

मेहुण्यांची वरची एक दाढ अजून काढायची आहे, हनुक्का झाल्यावरची तारीख मिळाली आहे. वरचे चार शब्द त्यांनी एका कागदावर मोठ्या देवनागरीत लिहून घेतले आणि तो कागद चश्म्याच्या डबीत ठेवला आहे. सौभाग्यवती सोबत जाणार आहेत. घड्याळ त्या बघतील.